गिट्टी

रविवारच्या शाळेत बेनायाने विचारलं,
"टीचर, पर्वत म्हणजे केवढा?"
मी तेव्हा सीनायवर होते.
धूर, विजा, कर्ण्याचा वाढत जाणारा नाद,
पायथ्याशी कापणारी माणसं.
खिडकीतून पाहिलं तर
सदरची छपरं, पाण्याच्या काळ्या टाक्या, मोबाइलचा टॉवर
आणि ताटासारखं सपाट नागपूर.

"सेमिनरी हिल्सएवढा?"
"जरा मोठा," म्हटलं,
आणि खोटं बोलल्यासारखं वाटलं.
मी तरी कुठे पाहिलाय पर्वत!
एकदा सहलीत चिखलदऱ्याला गेलो, धुकं असं दाट
की डोंगर पायाखाली होता
आणि दिसला नाही.
मोशेला कदाचित तेवढंच दिसलं असेल.

आमचं आडनाव डोंगरे.
बाबा, नहेम्या डोंगरे, गिट्टीखदानच्या खाणीत
घण मारायचे.
मी दुपारी भाकरीचा डबा नेई.
सुरुंगाची शिटी झाली की झाडामागे उभी राही,
कान दाबून, तोंड उघडं ठेवून,
तसं त्यांनीच शिकवलेलं.
मग आवाज. मग बराच वेळ धूळ.
धुळीतून बाबा येत, पापण्यासुद्धा पांढऱ्या,
आणि म्हणत, "भ्यायचं नाही. डोंगर बोलतो तो."

एकदा विचारलं, मोरियाच्या वाटेवर
लाकडं वाहणाऱ्या त्या पोराला
बापाने खरं का नाही सांगितलं?
ते चिलीम झटकत राहिले.
"बापालाही माहीत नसतं, बाई.
तो चढत असतो फक्त."

त्यांच्या डाव्या डोळ्यात कपची गेली
तो उपासाच्या काळातला बुधवार होता.
मुकादमाने चाळीस रुपये दिले आणि एक दिवसाची सुटी.

मोहरीएवढा विश्वास असेल
तर डोंगर हलतो, असं पाळक सांगत.
मागच्या बाकावरून बाबा हसत, आवाज न करता.
त्यांनी हलवला होता.
घमेल्याघमेल्याने, ब्रासच्या हिशेबाने,
ट्रकच्या मागे पाट्या वाजत गेला तो
काटोल रोडवर, छावणीत, मानकापूरपर्यंत,
आणि रोलरखाली निजला.
या शहरात सपाट आहे
ते सगळं मुळात सपाट नव्हतं.

ईस्टरच्या पहाटे मंडळी टेकडीवर जाई.
बाबांची त्या रविवारीही हजेरी असे खाणीत.
शेवटच्या आजारात मिशन दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर
खाट खिडकीशी लावून घेतली त्यांनी.
उजव्या डोळ्याने टेकडी बघत राहिले,
तिच्यावरची सागाची झाडं, पलीकडचं काही.
नबोचं नाव मी काढलं नाही.
त्यांनीही नाही.

यंदा मुलांना घेऊन गेले.
पहाटे पाचला रिक्षावाला म्हणाला,
"कोन्ती टेकडी जी? गनपतीची का?"
"नाही हो, दुसरी."
"दुसरी बी टेकडी हाये का!" म्हणत त्याने मीटर टाकला.

वर पोचायला दहा मिनिटं लागली,
त्यातली चार माझ्या गुडघ्यांची.
गाणं झालं, सूर्य आला,
नेहमीसारखाच, धुरकट, कोराडीच्या चिमण्यांच्या बाजूने.
बेनायाने कमरेवर हात ठेवून चारी बाजूंना पाहिलं.
"एवढाच?"

"गुलगुथा याहून लहान असेल," मी म्हटलं.
त्याने विश्वास ठेवला नाही.
मग वाकून एक काळा दगड उचलला,
पँटला पुसला, खिशात टाकला.

उतरताना एका वळणावर
डांबर उखडलेलं, आतली गिट्टी वर आलेली,
कोवळ्या उन्हात ओली असल्यासारखी चमकत होती.
क्षणभर वाटलं, चपला काढाव्यात.
काढल्या नाहीत.
पोरं मागून ढकलत होती,
आणि कुणाला तरी शू लागली होती.